राजकारण शेवटी

आमच्या घरात बातम्यांना क्रम होता. आधी यंत्राची बातमी, मग विज्ञानाची, मग फोटोची आणि राजकारण शेवटी. हा क्रम ह्यांनी लावलेला. हे म्हणजे माझे यजमान. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर रागवायला हाताखाली कुणी उरलं नाही, म्हणून तुम्ही बातम्यांना रांगेत उभं करता, असं मी त्यांना चिडवायचे. त्यावर ते म्हणायचे, “तू तं रांगेत उभी राहत नाहीस, मंग कोणाले उभं करू?”

ही सगळी तयारी रविवारच्या फोनसाठी असायची. आमचा एकुलता एक मुलगा बंगलोरला, कंप्युटरच्या कंपनीत. दर रविवारी दिवेलागणीला त्याचा फोन यायचा. हे दुपारपासूनच पुढच्या खोलीत फोनच्या स्टुलाजवळ पेपर पसरून बसायचे. सकाळी हिंदी पेपर दारात पडायचा, पण तो ते नुसता चाळायचे. नागपूरहून गाडीनं रायपूरला येणारं मराठी वर्तमानपत्र आमच्या वस्तीच्या, तात्यापाऱ्याच्या चौकात दुपारपर्यंत पोचायचं आणि त्यात छापून आल्याशिवाय बातमी घडली असं ह्यांच्या लेखी होत नसे. मग लाल पेन्सिल, मग घड्या, मग क्रम.

राजकारण शेवटी का, हे मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “पहिल्या तिघांवर पोट्टा नुसता आयकते. चौथीवर भांडते. भांडण शेवटी ठेवलं की फोन लांबते.”

आणि भांडण खरंच मोठं असायचं. आमचं रायपूर तेव्हा नुकतं नव्या राज्याची राजधानी झालेलं. ज्या रस्त्यांवर गाई बसायच्या तिथं लाल दिव्याच्या गाड्या धावायला लागल्या होत्या. ह्यांना त्याचा भारी अभिमान. जणू राज्य ह्यांनीच मागून आणलं होतं. मुलाला कशाचंच कौतुक नव्हतं. “पहले नाली तो बना लो, बाबा!” हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि ते मला स्वयंपाकघरात, रिसीव्हर ह्यांच्या कानाला असताना, ऐकू यायचं. हे मराठीतून ओरडायचे, तो हिंदीतून. त्याला मराठी सगळी कळायची, पण शाळेत जायला लागल्यापासून तोंडातून हिंदीच निघायची. इकडच्या कितीतरी घरांत तसंच. ह्यांनी त्याचं कधी मनावर घेतलं नाही. भांडतो ना, मग कोणत्या भाषेत भांडतो ते कशाला बघायचं, असा त्यांचा हिशेब.

सगळं संपलं की मला हाक यायची. मी हात पुसत यायचे, रिसीव्हर कानाला लावायचे. “जेवला का?” “हाँ आई.” “बरं, ठेव.” एवढंच माझं काम. मला ते पुरायचं. त्या दोघांचं भांडण ऐकतच माझा कुकर झालेला असायचा.

मग एका वर्षी पोळ्याच्या आसपास हे गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहायला बसलं की मला रडू येण्याऐवजी राग येतो, माणसानं काही तरी सांगून जावं की नाही.

त्यानंतरही फोन रविवारी यायचा. पोट्ट्यानं एक रविवार चुकवला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. “खाना खाया, आई?” “हव.” “तबीयत?” “बरी आहे.” “दवाई ले रही हो ना?” “घेऊन राहिली.” मग तारेतून नुसता आवाज, शिट्टीसारखा बारीक. तो माझी वाट पाहायचा, मी त्याची. मग दोघं एकदमच काही तरी बोलायचो, दोघं एकदमच थांबायचो आणि तो म्हणायचा, “चलो, रखता हूँ.” गॅसवर दूध ठेवून फोन घेतला तर दूध तापायच्या आत मी परत आलेली असायचे.

तेव्हा मी ठरवलं की आता बातम्या आपण द्यायच्या.

मी पेपर वाचणारी नव्हे. पेपर माझ्याकडे यायचा तो दुसऱ्या दिवशी, फडताळात अंथरायला. पण चौकात जाऊन मी पेपरवाल्याला सांगितलं की मराठी पेपर बंद करू नका, आता मला लागेल. तो म्हणाला, “काकी, कोन पढ़ही अब?” मी म्हटलं, “मैं पढ़ूँगी, और कौन?” त्यानं माझ्याकडे जरा पाहिलं आणि पेपर दिला. सुरुवातीला फार जड गेलं. यंत्राच्या बातमीत अर्धे शब्द इंग्रजी असायचे आणि उरलेले मराठी शब्द त्याहून अवघड. तरी मी हट्टानं वाचत गेले. हळूहळू गोडी लागली. दुपारची भांडी घासायची बाई येऊन गेली की मी ह्यांच्याच खुर्चीत बसायचे आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं वाचायचे, निधनवार्तासुद्धा. वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की मला मतं आहेत. साठीला टेकल्यावर हे कळलं. इतकी वर्षं ती कुठं बसली होती कोण जाणे, पण एकदा बाहेर पडल्यावर ती आवरेनात. हे असते तर त्यांच्याशीच माझं जुंपलं असतं.

म्हणून मी बातमीबरोबर मतही द्यायला लागले. आणि इथंच घोटाळा झाला. मुलगा माझ्याशी भांडेना.

मी काहीही म्हणावं, तो म्हणायचा, “हाँ आई, सही बात है.” बँकेतले कंप्युटर काढून टाकले पाहिजेत, असं मी म्हटलं. ज्याचं पोट कंप्युटरवर, तो म्हणाला, सही बात है. राजधानी रायपूरहून बिलासपूरला हलवावी, असं म्हटलं. सही बात है. मी मुद्दाम वाकडं बोलून पाहू लागले. दर रविवारी आधीपेक्षा जास्त वाकडं. बापाशी घसा फाडून भांडणारा पोट्टा माझ्यापुढे नुसती मान हलवायचा. फोनवर मान दिसत नाही, पण हललेली कळते.

मला त्याचं वाईट वाटायचं. आजारी माणसाला मऊ भात घालतात, तसा तो माझ्याशी मऊ बोलायचा. मी आजारी नव्हते. माझा नवरा गेला होता, डोकं जाग्यावर होतं. ज्याला आपण माणसात धरतो त्याच्याशीच आपण भांडतो. रस्त्यानं जाताना एखादी म्हातारी बडबडत असली तर आपण “हो आजी, हो” म्हणून पुढे जातो. मी त्या म्हातारीच्या जागी जाऊन बसले होते आणि तिथं मला माझ्याच मुलानं बसवलं होतं.

आता एक गोष्ट सरळच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला बंगलोरला जायचं होतं. ह्यांच्या वर्षश्राद्धाला मुलगा आणि सूनबाई आले, तेव्हा तो म्हणेल, “आई, चलो अब हमारे साथ,” म्हणून मी वाट पाहत होते. माळ्यावरची मोठी बॅग काढून मी तिला आधीच ऊन दाखवून ठेवलं होतं. श्राद्ध नीट झालं, गुरुजी जेवून गेले, सूनबाईनं न सांगता सगळी पातेली घासली. चांगली आहे पोरगी. दोघं माझ्याशी इतकं जपून वागत होते की मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं. जाताना तो पाया पडला आणि म्हणाला, “आई, ख़याल रखना अपना.” रिक्षा वळेपर्यंत मी दारात उभी राहिले आणि मग बॅग परत माळ्यावर टाकली. त्या दिवशी मी रात्रीचा स्वयंपाक केला नाही.

एकटं राहणं म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. लोकांना वाटतं, रडू येत असेल. रडू कुठलं येतं! कंटाळा येतो. दोन पोळ्यांसाठी कणीक भिजवायचा कंटाळा. बीरगावकडून वारा आला की वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्याची काळी पूड बसायची. आधी मी त्यावरून ह्यांच्यापाशी कारखानेवाल्यांना शिव्या घालायचे. आता पूड तशीच बसायची, मी झटकायचे, आणि शिव्या तोंडातच राहायच्या. ऐकायला कुणी नसलं की शिव्या द्यायलाही अवसान येत नाही.

तर ज्या रविवारचं सांगायचं आहे, तो त्याच्या पुढच्या वर्षी गणपतीतला. आमच्या घरी त्या वर्षी गणपती बसवला नव्हता. मी एकटी किती मोदक करणार आणि खाणार कोण? पण चौकात मोठा मंडप होता आणि कर्णा नेमका आमच्या घराच्या दिशेला. मी पेपर आणायला निघाले, तर रस्ता अडवलेला. कुणी तरी मंत्री गणपतीला येणार होते. भनपुरीकडे जाणारे ट्रकसुद्धा कुठं अडकले होते म्हणे. शिपाई मला म्हणाला, “माताजी, पाँच मिनट.” त्याची पाच मिनिटं मंत्र्यांच्या घड्याळातली होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाड्या गेल्या. मंत्र्यांचा नुसता कोपर दिसला, काचेला टेकलेला. राजकारणाची बातमी मला तिथंच मिळाली, पण पेपर घ्यायचा तो घेतलाच.

घरी आले, भात लावला आणि खुर्चीत बसले. त्या दिवशीचा पेपर मोठा गुणी निघाला. चारही खणांत माल होता.

यंत्राची बातमी अशी की आता कंप्युटरवरून फोन करता येतो आणि बोलणाऱ्याचं तोंड समोर दिसतं. जगाच्या पाठीवर कुठंही असा, तोंड दिसणार. ह्याच्यावर माझं मत तयार व्हायला वेळ लागला नाही. तोंड दिसणार म्हणजे दर रविवारी वेणीफणी करून, बरं लुगडं नेसून बसावं लागणार. शिवाय तोंड दिसलं की खोटं बोलता येणार नाही. “बरी आहे” हे सांगायला फोन कसा सोयीचा पडतो, ते मला विचारा.

विज्ञानाची बातमी ग्रहाची. प्लूटोला शास्त्रज्ञांनी ग्रहांमधून काढलं होतं. बातमी तशी शिळी झाली होती, पण रविवारच्या पुरवणीत चित्रांसकट अर्धं पान दिलेलं. मी ते दोनदा वाचलं. तो बिचारा होता तिथंच फिरतोय. त्याला पत्तासुद्धा नाही. ह्या लोकांनी परदेशात एका हॉलमध्ये बसून हात वर केले आणि त्याला काढलं. मतदान करून! ही विज्ञानात घालावी की राजकारणात, असाच मला प्रश्न पडला. शेवटी चित्रात ग्रह होते म्हणून विज्ञानात घातली.

फोटोची बातमी जरा लागली मला. नागपूरला कुठल्याशा प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालेला फोटो छापला होता. एक म्हातारी उंबऱ्यावर बसलेली, हात मांडीवर, नजर रस्त्याकडे. खाली नाव दिलं होतं, ‘प्रतीक्षा’. ह्या फोटोवाल्यांची मला नेहमीच गंमत वाटते. बक्षीस घ्यायचं असलं की एक तर सुरकुत्यांची म्हातारी धरायची, नाही तर नळाखाली नागडं पोर. त्या बाईला कुणी विचारलं का, ती कुणाची वाट पाहते आहे म्हणून? गुडघे दुखत असतील, बसली असेल. आत उकडत असेल. पण फोटो पाहताना मी नकळत माझे हात मांडीवरून उचलले, हेही खरं.

आमचा मुलगा फोटोंचा शौकीन. ह्यांच्याकडूनच घेतलेलं वेड. त्यानं स्वतः असल्या दहा म्हाताऱ्या काढल्या असतील. म्हणून मला वाटलं, राजकारणावर नाही तर नाही, पण ह्याच्यावर तरी तो पेटेल.

चौथी बातमी नव्या राजधानीची. जुनं रायपूर पुरत नाही म्हणून बाहेर शेतांमध्ये आख्खं नवं शहर वसवायचं चाललं होतं. रुंद रस्ते, बागा, मंत्र्यांची ऑफिसं. आदल्या रविवारी मी ह्याच विषयावर म्हटलं होतं की नवं शहर झालंच पाहिजे, ह्यांचंही तेच मत होतं. मुलगा म्हणाला होता, सही बात है. आता मी नेमकं उलट बोलायचं ठरवलं. पाहू या काय म्हणतो.

संध्याकाळी कर्ण्यावर आरती लागायच्या जरा आधी फोन वाजला. जेवण, तब्येत, औषधं उरकली आणि मी लगेच सुरू केलं. कंप्युटरवर तोंड दिसणं हे बायकांच्या मुळावर येणार आहे, असं मी ठणकावून सांगितलं.

“हाँ आई, ये भी सही है,” तो म्हणाला.

प्लूटोचं सांगितलं. म्हटलं, “शास्त्रज्ञाहिले काही कामधंदा नाही. काढायचा होता तं मोजला काहून?”

“सही बात है.”

शाळेत ह्या पोरानं थर्माकोलचे ग्रह करून बक्षीस आणलं होतं. नऊच्या नऊ. त्याला राग यायला नको?

मग मी फोटोवर आले. चांगलं तोंड सोडलं. म्हाताऱ्या बायकांचे फोटो काढणाऱ्यांना उंबऱ्यावर बसवून त्यांचेच फोटो काढले पाहिजेत, असंही म्हटलं. मला वाटलं, आता भडकतो.

“हाँ, ऐसे फोटो नहीं खींचना चाहिए,” तो हळू आवाजात म्हणाला.

मग राजकारण. म्हटलं, “ते नवीन शहर-बिहर काही कामाचं नाही. लोकाहिची शेती घेऊन राहिले. पहिले इथल्या नाल्या बनवा म्हणा.”

हे त्याचंच वाक्य होतं. बापाला ऐकवलेलं. मी ते त्याच्या हातात परत दिलं होतं.

“सही बात है, आई.”

“आँ! मागच्या रविवारी मी उलट बोलली होती. तेव्हाबी तू सही बातच म्हणला.”

तो हसला. हसणं चांगलं होतं, पण त्यात जोर नव्हता. “अच्छा? अब दोनों बातें अपनी-अपनी जगह सही हैं ना, आई.”

बातम्या संपल्या होत्या. तारेतला तो बारीक आवाज पुन्हा सुरू झाला. मी “बरं, ठेव” म्हणणार, इतक्यात तो म्हणाला, “आई, एक बात और थी. हम लोग घर बदल रहे हैं. थोड़ा बड़ा लिया है. तीन कमरे हैं. एक कमरा... मतलब, आप अगर यहाँ आना चाहो तो.”

वर्षभर मी ह्या वाक्याची वाट पाहत होते. आणि ते आल्यावर मी जे बोलले ते माझ्या तोंडातून आपोआप आलं.

“कशाले रे? मी काय करू तिकडे? मी इथंच बरी आहे.”

आमच्यात पहिल्या खेपेला कुणी हो म्हणत नाही. पाहुणा म्हणतो पोट भरलं, आपण वाढतो. तो पानावर हात आडवा धरतो, आपण हाताच्या कडेनं वाढतो. मग तो “फारच झालं हं” म्हणत सगळं खातो, आणि खाल्लं नाही तर आपल्याला वाईट वाटतं. पहिल्याच वाढीला हो म्हणणारा माणूस अधाशी समजला जातो आणि पहिल्या नाहीवर थांबणारा यजमान कंजूष. माझ्या मुलानं मुंजी-लग्नांतून जिलबीची ताटं फिरवली होती. तोंड फिरवून बसलेल्या मामांना त्यानं स्वतः आग्रह करकरून वाढलं होतं. हे त्याला मी शिकवायला पाहिजे का?

माझी पुढची तयारी झाली होती. तो म्हणेल, “ऐसा क्या करती हो आई, आ जाओ,” की मी म्हणणार, घर बंद ठेवलं तर वाळवी लागते. मग तो म्हणेल, “लगने दो वाळवी.” मग मी जरा थांबून म्हणणार, बरं, थंडीपुरती येते, मग पाहू. एवढ्या वेळात बॅग माळ्यावरून निघून, उन्हात वाळून, भरूनसुद्धा झाली होती माझ्या मनात.

“हाँ, वो भी है,” तो म्हणाला. “आपका तो पूरा सर्कल ही वहीं है. यहाँ आप बोर हो जाओगी. मैं भी आपकी बहू से यही कह रहा था.”

मनातली बॅग मी परत माळ्यावर टाकली.

“तो फिर उस कमरे में हम स्टडी बना लेंगे,” तो म्हणाला. “ठीक है ना, आई?”

“हव,” मी म्हटलं.

“चलो, रखता हूँ. ख़याल रखना.”

फोन ठेवल्यावर मी माझ्या सर्कलचा विचार करत बसले. दूधवाला. पेपरवाला. भांडीवाली बाई, ती बोलत नाही. चौकातला शिपाई, तो मला माताजी म्हणाला. मंत्र्यांचा कोपर. बाहेर आरती सुरू झाली होती आणि कर्ण्यातून कुणी तरी बेसूर, मनापासून म्हणत होतं. मला मुलाचा राग आला नाही, हे मी देवाशपथ सांगते. तो मनापासूनच बोलत होता. आईला ज्यात सुख आहे ते तिला करू द्यावं, तिला खेचून आणू नये, असं त्यानं नक्कीच बायकोबरोबर बसून ठरवलं असेल. चांगल्या मुलांना असंच वाटतं. माझ्या जागी बाप असता तर पोट्टा म्हणाला असता, “बाबा, नाटक मत करो, चुपचाप टिकट निकालो.” बापाला त्यानं ओढत नेलं असतं.

आरती संपली. मी उठून दिवा लावला आणि परत फोनपाशी आले. मी त्याला कधी फोन लावत नसे, त्याचाच यायचा. त्याचा नंबर स्टुलामागच्या भिंतीवर ह्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. चष्मा लावून मी एकेक आकडा फिरवला. एकदा चुकला, परत फिरवला.

“आई? क्या हुआ?” तो घाबरला होता. “तबीयत ठीक है?”

“तबीयतले काय झालं? बरी आहे मी. मले हे सांग, तू माझ्याशी भांडत काहून नाहीस?”

“क्या?”

“बापाशी भांडत होता. दर रविवारी. आख्खी गल्ली आयकत होती. माझ्याशी काहून नाही भांडत? मी काय मेली काय?”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणी तरी बंद केला. सूनबाईनं हळूच काही विचारलं, आणि त्यानं तिला बहुतेक हातानंच थांबवलं. मग बोलला, तेव्हा त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता.

“किस बात पे लड़ूँ, आई? आप बोलो.”

सांगायचं ते ओठांवर होतं. मी नको म्हटलं ना, त्याच्यावर लढ. म्हण, तुझं काही चालणार नाही. म्हण, वाळवी लागली तर लागू दे. मला नेल्याशिवाय राहू नकोस. पण हे आपणच पढवायचं आणि मग त्यानं आपल्याला म्हणून दाखवायचं, त्यात काय राहिलं? आणि समजा, सांगितलं आणि तो म्हणाला, सही बात है, आई, आ जाओ, तर?

तो वाट पाहत होता. ह्या वेळी खरंच वाट पाहत होता.

“काही नाही,” मी म्हटलं. “ठेव आता.”

आणि त्यानं माझं ऐकलं. फोन ठेवला.